बिघाड कोठे आहे?



या व्यासपीठावर परवा संतवाङ्मयावर व्याख्यान झाले, काल पाणीप्रश्नावर झाले, आणि आज आम्ही उभे आहोत ते टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम चालेनासा झाला तर काय करावे, हा विषय घेऊन. पत्रिका छापण्यापूर्वी कार्यवाहांनी आम्हांला दोनदा विचारले, "सर, नक्की हाच विषय घालू ना?" आम्ही दोन्ही वेळा हो म्हटले. विषय पोरकट वाटतो खरा. परंतु या सभागृहात बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरी माळ्यावर एक खोके असेल. त्यात एक प्लास्टिकचा डबा, दोन रिमोट, चारदोन पिवळ्या कॅसेटी, एक खेळण्यातली बंदूक आणि वायरींचा गुंता असेल. घरातल्या मुलाला मुले झाली तरी ते खोके कोणी टाकून दिलेले नसते, आणि कोणी उघडलेलेही नसते. विचारले तर उत्तर येते, "तो बिघडलाय."

आमचे म्हणणे असे आहे की, त्यांतले पुष्कळसे बिघडलेले नाहीत; आणि जेथे खरोखर बिघाड आहे तेथे तो बहुधा आपण बोट दाखवतो त्या जागी नसतो. भलत्या जागी बोट दाखवल्याची किंमत आमच्या घरी एकदा भलत्यालाच मोजावी लागली. ती हकीकत ओघात येईलच.

प्रथम हे यंत्र करते काय, ते पाहू. १९६६ साली अमेरिकेत राल्फ बेअर नावाच्या अभियंत्याच्या मनात आले की, घरोघरी टीव्ही आहे, मग त्यावर नुसते पाहत का बसावे, खेळता का येऊ नये? हे गृहस्थ मूळचे जर्मनीतले ज्यू. १९३८ साली कुटुंबासह देश सोडून अमेरिकेत आले, टपालाने शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमातून रेडिओदुरुस्ती शिकले आणि न्यूयॉर्कमध्ये रेडिओ दुरुस्त करू लागले. म्हणजे व्हिडिओ गेमचा जनक हा मुळात दुरुस्तीवाला. हे आम्हांला मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण त्यांच्यापुढची पहिली अडचण खेळाची नव्हती, जोडणीची होती. त्या काळच्या टीव्हीला बाहेरचे चित्र आत घेण्यासाठी एकच दार होते, ते म्हणजे अँटेनाचे. त्या दारातून आत शिरायचे तर प्रक्षेपण केंद्राचे सोंग घेऊनच शिरले पाहिजे. म्हणून बेअर यांनी डब्यातच एक इवलेसे प्रक्षेपण केंद्र बसवले. डबा एखाद्या चॅनेलच्या लहरींवर चित्र पाठवी, आणि हे केंद्र शेजारच्या शहरात नसून समोरच्या टेबलावर आहे याचा टीव्हीला पत्ताही नसे. मॅग्नाव्हॉक्स कंपनीने 'ओडिसी' या नावाने हे यंत्र १९७२ साली बाजारात आणले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला आपले मुंबई दूरदर्शन सुरू झाले.

मौज अशी की, पुष्कळ अमेरिकन गिऱ्हाइकांची समजूत झाली की, हा डबा फक्त मॅग्नाव्हॉक्सच्याच टीव्हीवर चालतो. तो कोणत्याही टीव्हीवर चालत होता. अर्थात घरगुती व्हिडिओ गेमविषयी पहिला गैरसमज झाला तोही जोडणीविषयीच.

आपल्याकडे १९९०नंतर जे डबे घरोघरी आले ते बहुतेक जपानच्या निंटेंडो कंपनीच्या 'फॅमिकॉम' यंत्राच्या नकला होत्या. मूळ यंत्र १५ जुलै १९८३ रोजी जपानात निघाले. नकला निरनिराळ्या नावांनी आल्या, पण आतला मार्ग तोच. भिंतीतल्या सॉकेटमधून वीज अडॅप्टरमध्ये, अडॅप्टरमधून डब्यात. कॅसेटीतला खेळ डब्यात. डब्यातून चित्र वायरीत, वायरीतून टीव्हीच्या सॉकेटमध्ये. आणि शेवटी टीव्हीने ते सॉकेट 'ऐकायला' तयार असणे. नळाला पाणी आले नाही तर आपण लगेच घरचा नळ तोडत नाही; आधी शेजारी विचारतो, मग टाकी पाहतो, मग व्हॉल्व्ह पाहतो. टीव्हीपुढे बसल्यावर मात्र ही अक्कल आपल्याला सोडून जाते. चित्र आले नाही की पहिली थाप डब्याला, दुसरी टीव्हीला आणि तिसरी मुलाला.

हे आम्ही दुसऱ्यांना हसण्यासाठी सांगत नाही. शाळेत विज्ञान शिकवण्यात आमची तीसहून अधिक वर्षे गेली. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकीच्या तशाच ठेवाव्या, हे वाक्य आम्ही फळ्यावर किती वेळा लिहिले असेल त्याची गणती नाही. आणि १९९६ सालच्या मे महिन्यात, सुट्टीत, आमच्या घरचा गेम बंद पडला तेव्हा आम्ही काय केले? मुलगा दहा वर्षांचा होता. त्याच्या आदल्या दिवशी अडॅप्टरची वायर तुटली म्हणून आम्ही बाजारातून दुसरा अडॅप्टर आणला होता. व्होल्ट पाहून आणला, टोक बसते की नाही तेही दुकानातच पाहिले. संध्याकाळी घरी येऊन तो जोडून ठेवला आणि शिकवणीला निघून गेलो. परत येतो तो मुलगा डब्यापुढे बसलेला, हातात कॅसेट, आणि डबा मेलेला. आम्ही विचारले, "काय केलंस?" तो म्हणाला, "मी काही नाही केलं, बाबा." यावर आम्ही त्याच्या एक ठेवून दिली, आणि ती सुट्टी संपेपर्यंत गेमचे नाव काढायचे नाही असे फर्मान सोडले.

जून महिन्यात डबा दुरुस्तीला नेला. आमच्या गल्लीच्या टोकाला रेडिओ दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसत. त्यांनी डबा उघडण्याच्या आधी अडॅप्टर मागितला, त्याच्या टोकाला मीटर लावला आणि आम्हांला काटा दाखवला. काटा उलट्या बाजूला गेला होता. अडॅप्टरच्या त्या पोकळ टोकाला दोन भाग असतात, एक आतला आणि एक बाहेरचा. यांपैकी एक धन व एक ऋण. फॅमिकॉमच्या जातीच्या डब्यांना आतला भाग ऋण लागतो. बाजारातल्या पुष्कळशा अडॅप्टरांचा आतला भाग धन असतो. टोक तेच, व्होल्ट तेवढेच, आणि तरी वीज उलटी. आम्ही स्वतःच्या हाताने डब्यात उलटी वीज सोडली होती. आतला रेग्युलेटर, म्हणजे विजेचा दाब पाच व्होल्टवर धरून ठेवणारी तीन पायांची पट्टी, जळाला होता. थोडक्या रुपयांत तो बदलून मिळाला. दुरुस्तीवाल्यांनी अडॅप्टरच्या पाठीवरची बारीक आकृती आम्हांला दाखवली. मध्ये एक ठिपका, भोवती अर्धवर्तुळ, आणि एकेका बाजूस अधिक-उणे ही चिन्हे. अशाच आकृत्या आम्ही नववीला शिकवत होतो.

घरी येऊन आम्ही "दुरुस्त झाला" एवढेच सांगितले. कोणी बिघडवला ते सांगितले नाही.

तेव्हा श्रोतेहो, जुना डबा खाली काढलात तर सर्वांत आधी अडॅप्टर पाहा. डब्याच्या पाठीवर काय छापले आहे आणि अडॅप्टरच्या पाठीवर काय छापले आहे, ते भिंग घेऊन जुळवा. व्होल्ट जुळले पाहिजेत, ठिपक्याची खूण जुळली पाहिजे; अँपिअरचा आकडा मात्र अडॅप्टरवर मोठा असला तरी चालतो, लहान चालत नाही. फॅमिकॉमचा मूळ अडॅप्टर दहा व्होल्टचा व एकदिश विजेचा आहे. त्याच कंपनीने १९८५ साली अमेरिकेत जे यंत्र काढले त्याचा अडॅप्टर नऊ व्होल्टचा, पण प्रत्यावर्ती विजेचा. दोन्हींवर नाव निंटेंडोचेच! अमेरिकेहून कोणी भाच्याने आणलेला डबा असेल तर आणखी एक संकट. तिथला अडॅप्टर ११०-१२० व्होल्टच्या विजेसाठी केलेला. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये खुपसला की डोळ्यांदेखत धूर. डब्यावरचा लाल दिवा लागला म्हणजे सर्व ठीक आहे असेही समजू नये. दिवा एवढेच सांगतो की, वीज दिव्यापर्यंत पोहोचली.

आता वायरीकडे वळू. त्या वेळी डब्याची वायर टीव्हीच्या मागे अँटेनाच्या सॉकेटमध्ये जाई. घरात केबल आल्यावर केबलची पिन काढायची आणि गेमची घालायची, यावरून मुलांची आणि आयांची रोज भांडणे होत. हजारदा काढघाल होऊन ते सॉकेट सैल होई. पिन वाकली की पडद्यावर मुंग्या. परदेशातून आलेल्या काही डब्यांत चित्र स्वच्छ येई आणि आवाजाच्या जागी नुसती खरखर. ऐकणारा म्हणे, स्पीकर गेला. स्पीकर कुठेही गेलेला नसे. आपल्या पद्धतीत चित्राच्या लहरीपासून आवाजाची लहर साडेपाच मेगाहर्ट्झ अंतरावर असते, हाँगकाँगच्या पद्धतीत सहा आणि चीनच्या पद्धतीत साडेसहा. डबा बोलत होता, टीव्ही दुसऱ्याच ठिकाणी कान लावून बसला होता. अमेरिकेच्या किंवा जपानच्या डब्याचे चित्र आपल्या जुन्या टीव्हीवर काळेपांढरे येई किंवा वरखाली पळे, त्याचेही कारण हेच. त्यांच्या चित्रात ५२५ रेषा, आपल्या ६२५. त्यांची पद्धत निराळी, आपली निराळी.

आजच्या सपाट टीव्हीवर अँटेनाच्या वाटेला न गेलेले बरे. डब्याला पिवळे आणि पांढरे सॉकेट असेल तर ते वापरावे. पिवळे चित्राचे, पांढरे व तांबडे आवाजाचे. यात एक फसगत हमखास होते. हल्लीच्या पुष्कळ टीव्हींना पिवळे सॉकेट वेगळे नसतेच. एकाच सॉकेटला अर्धा हिरवा व अर्धा पिवळा रंग दिलेला असतो, आणि पिवळी पिन त्या हिरव्यात घालायची असते. माणूस पिवळा रंग शोधत बसतो आणि शेवटी तांबड्यात घालतो. काही टीव्हींना तेही नसते. हेडफोनच्या पिनेसारखे एक बारीक भोक असते आणि त्यासाठी टीव्हीबरोबर आलेला वायरचा तुकडा लागतो. हा तुकडा टीव्हीच्या खोक्यासकट पहिल्याच आठवड्यात फेकलेला असतो! मग रिमोटवरचे 'सोर्स' किंवा 'इनपुट' हे बटण दाबून टीव्हीला सांगायचे की, बाबा रे, आता या सॉकेटकडे लक्ष दे. आमच्या अनुभवात दहा तक्रारींपैकी निम्म्या या एका बटणाशी मिटतात.

नवा टीव्ही एका बाबतीत जुन्यापेक्षा लबाड आहे. जुन्या टीव्हीवर संदेश अर्धामुर्धा आला तरी मुंग्यांतून काहीतरी हलताना दिसे. त्यावरून कळे की डबा जिवंत आहे, वायर सैल आहे. नवा टीव्ही असला दुबळा संदेश दिसताच निळा पडदा ओढून घेतो आणि वर 'नो सिग्नल' अशी पाटी लावतो. पुरावाच नाहीसा! शिवाय हे जुने डबे सुमारे २४० रेषांचे चित्र एका विशिष्ट रीतीने पाठवतात, आणि काही नव्या टीव्हींना ती रीत ओळखताच येत नाही. म्हणून टीव्हीचा शब्द प्रमाण मानू नये. तीच वायर, तेच सॉकेट ठेवून डब्याच्या जागी जुना डीव्हीडी प्लेअर लावून पाहा. तो दिसला तर वायर आणि सॉकेट निर्दोष ठरले. मग डबा दुसऱ्याच्या टीव्हीवर नेऊन पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या आणि चालू झाले तर कशाने झाले ते कधीच कळणार नाही.

कॅसेटीविषयी बोललो नाही तर तरुण श्रोते आम्हांला खाली उतरू देणार नाहीत. कॅसेट चालली नाही की काढायची, तिच्या तोंडात जोराने फुंकर मारायची आणि पुन्हा घालायची, ही विद्या जपानपासून जतपर्यंत सर्व मुलांना कोणी न शिकवता येत होती. आणि कॅसेट चालेही. पण ती फुंकरीने चालत नसे. कॅसेटीच्या पट्ट्या आणि डब्यातल्या पिना यांचा स्पर्श नीट झालेला नसे. काढून पुन्हा घातल्याने तो नीट होई. फुंकरीबरोबर तोंडातला ओलावा मात्र पट्ट्यांवर बसे आणि कालांतराने त्यांना गंज चढे. स्वतः निंटेंडो कंपनीनेच फुंकर मारू नका असे सांगितले आहे. खोडरबराने घासणारेही पुष्कळ होते. रबराने मळ निघतो, पण पट्टीवरचा पातळ मुलामाही थोडाथोडा निघतो. औषधाच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते. कापसाच्या काडीला ते लावून पट्ट्या पुसाव्या, पूर्ण वाळू द्याव्या, मग घालाव्या.

अमेरिकेतल्या १९८५च्या डब्यात याहून मोठी गंमत होती. त्यात खऱ्या कॅसेटी ओळखणारी एक पहारेकरी चिप बसवली होती. स्पर्श सैल झाला की पहारेकऱ्याला कॅसेटीतल्या जोडीदाराची खूण पटत नसे आणि तो साधारण दर सेकंदाला डबा बंद-चालू करीत राही. लोक म्हणत डबा जळाला. डबा बिचारा ओळखपत्र मागत असे. आपल्याकडच्या नकलांत हा पहारेकरी नव्हता, कारण मूळ फॅमिकॉममध्येच तो नव्हता.

आता बंदूक. २०२३च्या दिवाळीत आमचा मुलगा त्याच्या मुलीला घेऊन आला. नात आठ वर्षांची. माळ्यावरचे खोके तिनेच शोधून काढले. मुलाने अडॅप्टर पाहिला, वायर पुसली, हिरव्या सॉकेटमध्ये पिवळी पिन घातली, आणि काय सांगावे, सपाट टीव्हीवर बदकांचा तो जुना खेळ आला. 'डक हंट' हा निंटेंडोचा १९८४ सालचा खेळ. बदके उडाली, नातीने बंदूक रोखली, चाप ओढला. काही नाही. दहा वेळा ओढला, पडद्याला नळी टेकवून ओढला, तरी एकही बदक पडेना. तिने बंदूक खाली ठेवली आणि हलक्या आवाजात विचारले, "आजोबा, माझ्याकडून मोडली का?"

बंदूक मोडली नव्हती. त्या बंदुकीतून काहीच बाहेर जात नाही. उलट ती पडद्याकडून प्रकाश आत घेते. चाप ओढला की डबा एका चौकटीपुरता, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा साठाव्या भागाइतका वेळ, सगळा पडदा काळा करतो आणि लगेच पुढच्या चौकटीत बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन काढतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा असतो. त्याला आधी काळोख आणि मग उजेड दिसला तर नेम बरोबर. दोन बदके असली तर पांढरा चौकोन आधी एकाचा, मग दुसऱ्याचा. उजेड कितव्या चौकटीत दिसला त्यावरून कोणते बदक पडले ते ठरते. आधी काळोख का? तर मुले दिव्यावर नेम धरून फसवतील म्हणून. बेअर यांच्या ओडिसीबरोबर मिळणाऱ्या बंदुकीला दिवा दाखवला तरी नेम लागे. निंटेंडोने ती पळवाट बुजवली.

हे सर्व अवलंबून आहे पिक्चर ट्यूबवर. डबा ज्या क्षणी रेषा पाठवी त्याच क्षणी जुना टीव्ही ती पडद्यावर काढी. सपाट टीव्ही चित्र आधी साठवतो, मोठे करतो, घोटून गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. या खटाटोपात काही चौकटी निघून जातात. डबा उजेडाची वाट पाहून केव्हाच थांबलेला असतो. शिवाय बंदुकीच्या डोळ्याला पिक्चर ट्यूबवरची सेकंदाला पंधरा हजारांच्या आसपास होणारी लुकलुक ओळखायला शिकवलेले असते, आणि सपाट पडद्यावर ती लुकलुकच नसते. बंदूक शाबूत, डबा शाबूत, टीव्ही शाबूत, वायर शाबूत. तरी बदक पडत नाही. येथे बिघाड एकाही वस्तूत नाही, दोघांच्या जमान्यांत आहे. या दुखण्याला स्क्रूड्रायव्हर लागू पडत नाही, पिक्चर ट्यूबचा जुना टीव्हीच लागतो. तो मिळाला तर वापरा, पण उघडू नका. आत वीस हजार व्होल्टच्या घरातला दाब असतो आणि पिन काढल्यावरही काही काळ तो ट्यूबमध्ये दडून राहू शकतो.

हल्लीच्या नव्या यंत्रांविषयी फार सांगण्यासारखे नाही. एकच एचडीएमआय वायर, तिच्यातूनच चित्र आणि आवाज. दोन्ही टोके काढून पुन्हा घालावी, टीव्हीचे दुसरे सॉकेट पाहावे, दुसरी वायर पाहावी. सोनीचे प्लेस्टेशन ३ एकदा दुसऱ्या टीव्हीवर वापरून आणले आणि आता पडदा काळाच राहिला, तर यंत्र बंद करून पॉवरचे बटण दुसरा 'बीप' होईपर्यंत दाबून धरावे. ते टीव्हीची नव्याने ओळख करून घेते.

तर नातीच्या प्रश्नाला उत्तर आम्ही देणार होतो, पण मुलाने आधी दिले. तो म्हणाला, "तुझ्याकडून काही मोडलं नाही गं. आधी टीव्ही बदलून बघू." आणि शेजारच्या काकूंकडे जुना टीव्ही आहे का ते विचारायला उठला. दहा वर्षांच्या त्या मुलाला आम्ही हे वाक्य म्हटले नव्हते. तेव्हा आम्ही त्याला थांबवले आणि नातीदेखत १९९६ची सारी गोष्ट सांगितली, अडॅप्टरची, उलट्या काट्याची. सत्तावीस वर्षे लागली. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "मला माहीत आहे, बाबा. दुरुस्तीवाल्या काकांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही कधी सांगता ते बघत होतो."

शेजारच्या काकूंकडे टीव्ही निघाला. बाल्कनीत पत्र्याखाली होता, वर कुंडी ठेवलेली. मुलाने आणि आम्ही मिळून तो आत आणला, पुसला, तासभर वाळू दिला. आधी नुसत्या मुंग्या आल्या. मग मुलाने गेमची पिन अँटेनाच्या सॉकेटमध्ये घातली, चॅनेल लावत लावत गेला आणि मुंग्यांतून बदके वर आली. पहिल्या फेरीत नातीने तीन पाडली. आम्ही एक पाडले.

आपल्यापैकी कोणाच्या घरी पिक्चर ट्यूबचा चालू टीव्ही असेल आणि तो भंगारात द्यायचे ठरले असेल, तर कृपा करून आधी आम्हांला कळवावे. काकूंना त्यांचा परत हवा आहे.